काळीचा पाऊस, पांढरीची लेखणी

रायपुरात आम्ही ज्या भागात राहतो त्याचे नाव पंडरी. महाराष्ट्रातून नव्याने आलेला पाहुणा हे नाव ऐकताच क्षणभर हात जोडतो आणि मग पाटीवर ‘ढ’च्या जागी ‘ड’ पाहून ओशाळतो. येथे विठोबा नाही, कापडाचा मोठा बाजार आहे. छत्तीसगढीत ‘पंडरा’ म्हणजे पांढरा. ह्या वस्तीचे नाव त्यावरूनच पडले की काय, हे ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु त्या शब्दाने आम्हांला आपल्याकडील एका जुन्या जोडीची आठवण नेहमी होते. मराठी गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाई : वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. पांढरीत बसून काळीविषयी लिहिणे हा आपल्या ग्रामीण साहित्याचा फार दिवसांचा व्यवसाय आहे. प्रस्तुत लेखही त्याच जातीचा आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. नांगराच्या मुठीला आमचा हात लहानपणानंतर लागलेला नाही.

ह्या लेखाचे निमित्त एका संदेशाचे आहे. भंडारा जिल्ह्यात आमच्या काकांची चार एकर धानाची शेती आहे. एका वर्षी पुनर्वसू नक्षत्र सरत आले तरी बांधीत चिखल झाला नव्हता. पऱ्हे चाळीस दिवसांचे होऊन पिवळे पडले होते आणि रोवणी खोळंबली होती. काकांनी भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र पाठविले व खाली लिहिले : “बापू, तू एवढी पुस्तकं वाचतोस. असल्या पावसाचं त्यात कुठं काही लिहिलं आहे काय?” पुढे पुष्यात दोन रात्रींत एवढा पाऊस कोसळला की धुरे फुटून मातीसह खत वाहून गेले. काकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तोवर दिले नव्हते. विनोदाने विचारलेला प्रश्न म्हणून तो सोडून देता आला असता. पण तो सुटेना. आमच्या कपाटात मराठी कादंबऱ्या बऱ्याच आहेत. आम्ही त्या पुन्हा काढल्या आणि केवळ पावसाकडे लक्ष ठेवून वाचल्या. त्या वाचनाचा हा वृत्तांत.

प्रथम पाऊस कोणता, ते पाहू. मृगाने पेरावे, आर्द्रेने रुजवावे, मघेने पोसावे आणि हस्ताने दाणा भरावा, अशी जी मांडणी आपल्या मनात बसली आहे तीत सूर्याच्या नक्षत्रभ्रमणाचा आधार आहे. ७ किंवा ८ जूनला मृग लागतो, २१ किंवा २२ जूनला आर्द्रा. पुनर्वसू तो तरणा पाऊस, पुष्य तो म्हातारा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला बेडूक, कोल्हा, म्हैस अशी वाहने दिलेली असतात आणि त्यावरून पावसाचे मान बांधले जाते. हे शास्त्र नसले तरी स्मरणाचे उत्तम साधन होते. मात्र ही मांडणी अचल आहे असे आपण जे मानतो ते खरे नाही. संपातचलनामुळे सुमारे बहात्तर वर्षांत नक्षत्र ऋतूच्या मानाने एक दिवस पुढे सरकते. ज्ञानेश्वरीच्या काळी मृग आजच्यापेक्षा सुमारे दहा दिवस आधी लागत असला पाहिजे. म्हणजे शेतकऱ्याची पिढी न् पिढी ह्या म्हणींची सांगड आपल्या अनुभवाशी नव्याने घालत आली. सरकणे इतके मंद होते की ते कोणास जाणवलेही नाही.

आता जे चालले आहे ते मंद नाही. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ ह्या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ ह्या अवधीत उन्हाळी मान्सूनचा एकूण पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. मात्र त्याच सुमारास मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. पावसाळ्यातील कोरडे खंडही पूर्वीपेक्षा वारंवार पडू लागले. त्याच २०२० साली हवामान खात्याने मान्सूनच्या तारखा नव्याने ठरविल्या. केरळात येण्याची १ जून ही तारीख कायम राहिली. परंतु वायव्य राजस्थानातून परतीस लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. सरकारी कागदावरची तारीख बदलण्यास किती टिपणे आणि किती सह्या लागतात हे आम्ही जाणतो. तेव्हा निसर्गात बदल बराच झाल्यावाचून कागदावर तो उतरलेला नाही. सारांश, पाऊस कमी झाला एवढीच तक्रार नाही. त्याचा स्वभाव पालटला आहे. तो थांबतो तेव्हा फार थांबतो, आणि येतो तेव्हा एकदम येतो.

ह्या पालटलेल्या पावसापुढे आपले साहित्य ठेवून पाहावे. आमच्या मते मराठीत दुष्काळाकडे पाहण्याच्या तीन रीती दिसतात. पहिली संतपरंपरेची. तीत अवर्षण ही परीक्षा आहे. मंगळवेढ्याचे कोठार उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा असो की दुष्काळात बायको गमावलेल्या तुकोबांचे चरित्र असो, लक्ष पावसावर नसून माणसाच्या अंतःकरणावर आहे. पाऊस का पडला नाही, हा प्रश्नच तेथे गैरलागू आहे. दया उपजली की नाही, एवढेच पाहावयाचे.

दुसरी रीत महात्मा फुल्यांची. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे १८८३ सालचे पुस्तक आपण समाजसुधारणेच्या दालनात ठेवून दिले आहे. साहित्याच्या इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा भाषेच्या रांगडेपणासाठी होतो. परंतु त्याचा शेवटचा भाग शेतीच्या दृष्टीने वाचावा. डोंगरउतारावरचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते, सबब फावल्या वेळी पलटणी व पोलीस ह्यांच्याकडून ताली-बंधारे बांधून पाणी शेतांतून मुरवावे. तलावांतील साचलेला गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊ द्यावा. पाणाड्यांकडून भूमीतील पाण्याचा शोध घ्यावा, असे जोतीराव सुचवितात. येथे अवर्षण ही देवाची करणी राहत नाही, ती कारभाराची बाब होते. पाऊस आपल्या हाती नाही, पडलेल्या पावसाचे काय करावयाचे ते मात्र हाती आहे, हा विचार मराठी गद्यात एवढ्या स्पष्टपणे त्यापूर्वी कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तिसरी रीत कादंबरीची, आणि आमचे खरे बोलणे तिच्याशीच आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. माणदेशातील धनगरवाडीवर आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी ती सांगितलेली आहे. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात, माणसे वाडी सोडून जातात. ह्या शेवटाची सरळ, अलंकारहीन गंभीरता मराठीत अजोड आहे, आणि तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण पाऊस तेथे काय करतो? तो कथेत फार उशिरा, आणि न येण्याच्या रूपानेच, प्रवेश करतो व कथा संपवितो. तो पात्र नव्हे, पडदा आहे. पुढे आनंद यादवांच्या ‘गोतावळ्या’त, १९७१ साली, मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि बैलांसह साऱ्या मुक्या गणगोताची ताटातूट होते. तेथे बदल यंत्राने केला आहे. ऋतुचक्र मात्र जागच्या जागी आहे आणि म्हणूनच नारबाचे दुःख एवढे तीव्र भासते. सृष्टी स्थिर, माणूस बेइमान, अशी ती रचना आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये, म्हणजे २००२ साली, आपण विदर्भातील कोरडवाहू शेतीवर येतो. शिकून घरी बसलेला एकनाथ, शेतीचा भाव, कर्ज, लग्नाच्या बाजारात घसरलेली शेतकऱ्याची पत, हे सारे त्या कादंबरीत इतके दाट विणले आहे की २००४ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला ह्यात आश्चर्य नाही. आमच्या पाहण्यातील कादंबऱ्यांत काकांच्या बांधीच्या सर्वांत जवळ येते ती हीच.

तथापि तीनही पुस्तके मिटल्यावर काकांना द्यावयाचे उत्तर आमच्या हाती लागले नाही. आमचा आक्षेप असा आहे : मराठी कादंबरीने शेतकऱ्याचे दुःख पाहिले, त्याचे काम पाहिले नाही. नांगरणी, पेरणी, मळणी ह्यांची वर्णने विपुल आहेत हे खरे. परंतु वर्णन केलेले काम हे बहुधा विधीसारखे असते, दरवर्षी तेच आणि तसेच. वस्तुतः शेती हा निर्णयांचा धंदा आहे. कोणत्या बांधीत कोणते वाण टाकावे, पऱ्हे केव्हा भरावे, पाऊस लांबला तर रोवणीची आशा सोडून आवत्या टाकावा काय, असे निर्णय शेतकरी हंगामात पंधरावीस वेळा घेतो, आणि प्रत्येक वेळी अपुऱ्या माहितीवर घेतो. ह्यात नाट्य नाही असे कोण म्हणेल? बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली प्रसिद्ध झाली तेव्हा रसिक चकित झाले ते ह्यामुळेच, की तेथे बोलणारी व्यक्ती काम करता करता विचार करीत होती. कादंबरीने तो वारसा पुरता उचलला नाही.

आम्ही ज्या मुलखात राहतो तेथील उदाहरण द्यावयाचे तर छत्तीसगडच्या बियासीचे देता येईल. येथे सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि धान हेच जीवन आहे. शेतकरी कोरड्या किंवा जेमतेम ओल्या शेतात धान फोकून देतो आणि महिन्याभराने, शेतात वीतभर पाणी उभे राहिले म्हणजे, उभ्या पिकातून नांगर फिरवितो. परक्यास हे वेड वाटेल. पण त्याने तण गाडले जाते, दाट रोपे विरळ होतात, उरलेली फुटव्यांनी भरतात. सारी मदार त्या एका वेळच्या पाण्यावर असते. जुलैत खंड पडला की बियासी लांबते, रोपे जून होतात, तण माजते आणि उत्पन्न घसरते. म्हणूनच ओळीने पेरणी करून बियासीची गरजच टाळावी, असे कृषिशास्त्रज्ञ आता सांगतात. जुन्या शेतकऱ्याचीही स्वतःची विमापद्धती होती. उंचावरची भाटा व मटासी जमीन हलकी, तेथे लौकर येणारे धान. सखल डोरसा आणि कन्हार पाणी धरणारी, तेथे दिवाळीनंतर कापावयाचे. धान उभे असतानाच ओलीवर लाखोळी फेकावयाची, ती उतेरा. एक गेले तरी दुसरे राहावे, असा तो हिशेब होता.

ह्या हिशेबाचे भांडार आमच्या घरापासून फार दूर नाही. डॉ. राधेलाल रिछारिया हे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. पुढे १९७१ साली रायपुरात मध्यप्रदेशची भात संशोधन संस्था त्यांच्या हाती आली. खेडोपाडी हिंडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धानाच्या सतरा हजारांहून अधिक वाणांचे नमुने जमविले. ती संस्था काही वर्षांतच बंद झाली. नमुने मात्र आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहेत आणि त्या संग्रहाची संख्या तेवीस हजारांच्या वर गेली आहे. २००२ साली एका परदेशी बियाणे कंपनीशी ह्या संग्रहाच्या संबंधात होऊ घातलेला करार लोकांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. दुबराज, सफरी, गुरमटिया, विष्णुभोग, जवाफूल, लुचई ही नुसती नावे वाचली तरी शब्दांवर प्रेम करणाऱ्याने थांबावे. प्रत्येक नावामागे कोणीतरी एक लोंबी इतरांपेक्षा निराळी आहे हे पाहिले होते. हे पाहणे म्हणजेच अनुकूलन. तो शब्द नंतर आला.

आणि हे पाहणारा मनुष्य मराठीही असू शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे ह्यांना १९८३ साली पटेल-३ ह्या धानाच्या पिकात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षामागून वर्षे निवडून लावल्या आणि जे वाण सिद्ध झाले त्याला त्या वेळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. जमीन अवघी दीड एकर. आज रायपूरच्या कोणत्याही किराणा दुकानात एचएमटी तांदूळ मागा, मिळेल. दादाजींचे नाव विचारा, दुकानदार तुमच्या तोंडाकडे पाहील. २०१८ साली ते वारले, तेही हलाखीतच. एचएमटी हे अवर्षणाला तोंड देणारे वाण नव्हे, त्याची कीर्ती बारीक दाण्याची आणि चवीची आहे. तेव्हा त्यावर भलता भार टाकू नये. आम्हांस महत्त्व वाटते ते रीतीचे. आमच्या वाचनात आलेल्या ग्रामीण कादंबऱ्यांत पिकाकडे अशा नजरेने पाहणारा नायक आम्हांला भेटला नाही. मेलेला शेतकरी भेटला, कर्जबाजारी भेटला, गाव सोडून गेलेला भेटला. निवड करणारा भेटला नाही.

ह्यावर विद्वान वाचक म्हणतील की, साहित्य म्हणजे कृषिखात्याचे पत्रक नव्हे. बरोबर आहे. पत्रकांचा अनुभव आम्हांला साहित्यिकांहून अधिक आहे. ‘हवामान-अनुकूल’, ‘शाश्वत’, ‘क्षमतावृद्धी’ हे शब्द रोज आमच्या मेजावरून जातात आणि त्यांतील एकाही शब्दाला चिखलाचा वास येत नाही. तरीही एका सरकारी कागदाविषयी चांगले बोलल्यावाचून राहवत नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातील सहाशेहून अधिक जिल्ह्यांच्या आकस्मिक कृषियोजना तयार झाल्या आहेत. त्यांत तक्ते असतात : पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरावे, चार आठवडे लांबला तर काय, सहा, आठ. पेरल्यावर खंड पडला तर काय. फुलोऱ्यात पडला तर काय. भाषा रुक्ष आहे, तक्त्याचे रकाने अरुंद आहेत, आणि ती योजना काकांच्या गावात कोणी पाहिलेली नाही. पण त्या रुक्ष तक्त्यात एक गोष्ट आहे जी आमच्या कादंबरीत नाही. त्यात ‘तर’ आहे. दुष्काळ पडला, वाडी उठली, असे तो सांगत नाही; असे झाले तर हे करता येईल, असे म्हणतो. साहित्याने सल्ला द्यावा असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या माणसाविषयी आपण लिहितो तो दिवसभर ‘तर’च्या रकान्यात जगतो, एवढे तरी लेखकाने जाणावे.

येथे दुसऱ्या बाजूचाही धोका सांगितला पाहिजे. अलीकडे वर्तमानपत्री लेखांतून आणि काही नव्या कथांतूनही, जे जे बिघडले ते हवामान बदलामुळे, असे म्हणण्याची सवय लागत आहे. पूर्वी दैव होते, त्या जागी हा शब्द आला. दैवाला जबाब विचारता येत नसे, ह्यालाही विचारता येत नाही. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या जुन्या पाणकारांचे ते कर्तृत्व. मालगुजारी गेल्यावर ते सरकारजमा झाले, आणि पुढे अनेक तलाव गाळाने भरले, अनेकांत अतिक्रमण झाले. पाऊस एकदम कोसळू लागला असताना पाणी धरून ठेवणारी भांडीच उथळ झाली, हा दोष आकाशाचा नव्हे. तीच गोष्ट छत्तीसगडची. खात्रीचा भाव आणि खात्रीची खरेदी धानाला, म्हणून जी भाटा जमीन कोदो-कुटकीची होती तीवरही धान चढले. आणि खरेदीला जे वाण सोयीचे तेच सर्वत्र पसरले. एकच वाण एकाच वेळी फुलोऱ्यात येते आणि एकच खंड साऱ्यांना एकदम मारतो. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याला भाव नाही ते त्याने कशासाठी पेरावे? येथेच फुल्यांची रीत उपयोगी पडते. आकाशाचा हिशेब वेगळा, कचेरीचा वेगळा; दोन्ही मांडावे, पण एकाच्या खात्यात दुसऱ्याचे देणे लिहू नये. ‘बारोमास’चे सामर्थ्य हेच आहे, की त्यात कर्जाला कर्ज आणि भावाला भाव म्हटले आहे. त्या कादंबरीच्या पुढचे पाऊल टाकावयाचे तर पावसालाही पाऊस म्हणता आले पाहिजे. रूपक म्हणून नव्हे, शिक्षा म्हणून नव्हे, तर ज्याच्या सवयी पालटल्या आहेत असा एक जुना सोबती म्हणून.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकाला ह्या कामी एक सोय आहे, ती सांगून हा लेख आवरतो. आपण धानाच्या, गव्हाच्या, ताडाच्या निरनिराळ्या मुलखांत पसरलो आहोत. काकांचा आवत्या आणि छत्तीसगडी बियासी ही एकाच झाडीतली भावंडे आहेत हे भंडाऱ्यात बसून दिसत नाही, पुण्यात बसून तर नाहीच. येथून ते दिसते. आपण मात्र गणेशोत्सवात नाटक बसवितो, कोजागरीला दूध आटवितो आणि शेजारच्या बांधीत काय चालले आहे ते विचारीत नाही. हा दोष आमचाही आहे. पंडरीत इतकी वर्षे राहून आम्ही लाभांडीच्या प्रक्षेत्रावरून शेकडो वेळा गेलो, उतरलो एकदाच. तेही काकांच्या प्रश्नानंतर.

काकांना आम्ही शेवटी खरे ते लिहिले : असल्या पावसाचे आमच्या पुस्तकांत फारसे काही नाही. त्यांचे उत्तर लगेच आले. उंचावरच्या दोन बांध्यांत ह्या वर्षी लौकर येणारे धान टाकणार आहेत, सखलात नेहमीचेच. तलावाचा गाळ मिळाला तर चार गाड्या हव्या आहेत. आणि जे घडेल ते वहीत तारखेवार लिहून ठेवणार आहेत. ती वही आम्ही वाचावयास मागितली आहे.